पाच पैशांचं तिकीट आणि एक कोटी माणसं

(पोस्ट मोठी आहे. सावकाश, चहा घेत वाचा.)

घरात आजी-आजोबांच्या काळातली जुनी पत्रं कुणी जपून ठेवली असतील, तर १९७१चा शेवट ते १९७३ची सुरुवात या काळातली पाकिटं एकदा बाहेर काढून बघा. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक छोटं तिकीट दिसेल. काहींवर कुटुंब नियोजनाचं जुनंच चित्र आणि त्यावर मारलेला शिक्का : 'शरणार्थी सहायता'. काही तिकिटं मात्र खास याच कामासाठी छापलेली.

१५ नोव्हेंबर १९७१ पासून हे जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. नवीन तिकीट छापून होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून आधीच्याच पाच पैशांच्या तिकिटांवर शिक्के मारले. तेही पुरेनात, तेव्हा ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांनी आपापले रबरी शिक्के करून घेतले. १ डिसेंबरला खास तिकीट आलं. देशाची तिकिटं तेव्हा आपल्या नाशिकच्या प्रेसमध्ये छापली जायची, त्यामुळे या गोष्टीचा एक धागा थेट नाशिकरोडला येऊन पोचतो. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा पाच पैशांचा कर चालू होता.

म्हणजे सातारा-सोलापूरहून मुंबईला मुलाची खुशाली विचारणारी आई नकळत बंगालमधल्या एखाद्या छावणीतल्या पोराच्या दुधाला पाच पैसे देत होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून हे पैसे गेलेत. ते कुठे गेले, कशाला गेले, आणि एक कोटी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी दारात आली तर त्यांना काय लागतं हे नक्की कोण आणि कसं ठरवतं, यावर आज लिहितोय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानातल्या शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पूर्ण बहुमत मिळालं, पण सत्ता काही मिळाली नाही. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठ, पोलीस लाइन, हिंदू वस्त्या, काही सोडलं नाही. बांगलादेशी माणूस याला मुक्तियुद्ध म्हणतो. पाकिस्तान म्हणत होता की हा आमचा अंतर्गत मामला. जगातल्या बऱ्याच सरकारांनी 'यादवी युद्ध' म्हणून हात झटकले. नाव काहीही द्या, लोक मात्र पळत सुटले, आणि पळायला एकच दिशा होती : भारत.

आकडे बघा. एप्रिलअखेर जवळपास दहा लाख. मेअखेर जवळपास चाळीस लाख, आणि तेव्हा दिवसाला एक लाखाच्या वर माणसं हद्द ओलांडत होती. दिवसाला एक लाख म्हणजे एखादं तालुक्याचं गाव रोज सकाळी उठून आपल्या अंगणात येऊन बसणं. रोज. सुट्टी नाही, रविवार नाही.

१ डिसेंबर १९७१ला सरकारी नोंदीतला आकडा होता ९८,९९,३०५. त्यातले ७४,९३,४७४ पश्चिम बंगालमध्ये आले. त्रिपुरात १४,१६,४९१. मेघालयात ६,६७,९८६. आसामात ३,१२,७१३ आणि बिहारमध्ये ८,६४१.

हे आकडे वाचताना आपली नजर पश्चिम बंगालवर जाते. पण जरा त्रिपुराकडे बघा. १९७१च्या जनगणनेत त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख होती. म्हणजे प्रत्येक घरमालकामागे जवळजवळ एक पाहुणा. मेघालयची लोकसंख्या दहा लाख, आणि वर पावणेसात लाख माणसं आलेली. एकूण आकडा कधीच सगळं सांगत नाही, तो कुठे पडला हे बघावं लागतं. पंचवीस किलो धान्य धडधाकट माणसाच्या पाठीवर टाकलं तर तो चालतो. तेच पोराच्या पाठीवर टाकलं तर पोर खाली बसतं.

मोजायचं कसं?

हद्द होती चार हजार किलोमीटरच्या आसपास. नदी, भातशेती, बांबूची बेटं. फाटक आणि पहारा होता तो मोजक्या रस्त्यांवर. लोक वाटेल तिथून येत होते. तरीही एक पद्धत बसवली गेली. हद्दीजवळच्या केंद्रावर नाव लिहायचं, एक चिठ्ठी द्यायची, पटकीची आणि देवीची लस टोचायची आणि छावणीकडे पाठवायचं. तिथे कुटुंबाचं रेशनकार्ड. ही चिठ्ठी म्हणजे त्या माणसाचं सगळं काही. चिठ्ठी नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर तांदूळ नाही.

हे सगळं बघायला केंद्राच्या पुनर्वसन खात्याने कलकत्त्यात वेगळी शाखाच उघडली. प्रमुख होते कर्नल पी. एन. लुथ्रा. दिल्लीला फाइल पाठवून उत्तराची वाट बघायची तर तेवढ्यात आणखी लाखभर माणसं येणार, हे ओळखून निर्णय घेणारा माणूस घटनास्थळी बसवला. सरकारी कारभारात असं क्वचित होतं, म्हणून मुद्दाम नोंदवतोय.

वर्षअखेर ८२५ छावण्या होत्या आणि त्यात जवळपास ६८ लाख माणसं. मग उरलेले ३१ लाख कुठे होते? ते नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यात. म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस छावणीबाहेर. छावणीतल्याला निदान रांगेत उभं राहून काहीतरी मिळत होतं. बाहेरच्याचा भार मात्र एखादा शिक्षक, एखादा बिडी कामगार, स्वतःच अर्धपोटी असलेला शेतकरी उचलत होता. मदतीच्या हिशोबात त्या यजमानाचं नाव कुठेच नाही. छावणीचे फोटो जगभर छापून आले, पडवीचे नाही.

स्थानिक गरिबाची अडचण याहून वेगळी. शरणार्थी मिळेल त्या पैशात काम करायला तयार, कारण पोटाला रेशन होतंच. मग मजुरी पडली. बाजारात भाजी, बांबू, सरपण महागलं. शाळांमध्ये माणसं राहायला आली, दवाखाने भरून गेले. ज्याच्या गावात हे झालं त्याने कुरकुर केली तर त्याला निर्दयी म्हणणं सोपं आहे. पण गरज मोजताना पाहुण्याच्या ताटासोबत यजमानाचा डबाही उघडून बघावा लागतो. नाहीतर सहा महिन्यांत मायेचं रूपांतर रागात होतं. हे तिथेही काही ठिकाणी झालंच.

पहिला अंदाज

भारताने एप्रिलच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त तेव्हा प्रिन्स सदरुद्दीन आगा खान होते, त्यांच्या कचेरीकडे सगळ्या मदतीचा समन्वय आला. मे महिन्यात त्यांचं एक पथक येऊन छावण्या बघून गेलं. १९ मेला सरचिटणीस यू थांट यांनी जगाला आवाहन केलं.

भारताचा पहिला अंदाज असा होता : तीस लाख माणसं, सहा महिने, साडेसतरा कोटी डॉलर. तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या भावाने गणित करून बघा. माणशी दिवसाला साधारण अडीच रुपये. त्यातच तांदूळ, डाळ, तेल, ताडपत्री, औषध, पाणी, संडास, सगळं.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा अंदाज जगापुढे पोचेपर्यंतच शिळा झाला. महिनाअखेर माणसं चाळीस लाखांकडे गेली होती. ऑक्टोबरमध्ये हिशोब पुन्हा मांडला तेव्हा माणसं होती ऐंशी लाख आणि रक्कम ५५ कोटी ८० लाख डॉलर. जगाकडून जे आलं ते त्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही. राहिलेला भार भारताच्या तिजोरीवर पडला, आणि तिजोरी भरायला इतर करांसोबत आपलं ते पाच पैशांचं तिकीट आलं.

आणि दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. त्या अंदाजातला 'सहा महिने' हा आकडा कुठून आला?

तो कुणी मोजलेला नव्हता, ठरवलेला होता. इंदिरा गांधींच्या सरकारची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. ही माणसं इथे तात्पुरती आहेत, त्यांना सन्मानाने परत जाता आलं पाहिजे, आम्ही त्यांना इथे वसवणार नाही. मग छावणीतली प्रत्येक गोष्ट त्या उत्तरातून ठरत गेली. भिंती बांबूच्या, छप्पर ताडपत्रीचं. शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा. जमीन नाही, नोकरीची परवानगी नाही, मुलांसाठी कायमची शाळा नाही.

'किती माणसं' हा प्रश्न सगळे विचारतात. पण गरजेचा खरा हिशोब 'किती दिवस' या प्रश्नावर उभा असतो. पंधरा दिवस असतील तर भात, पाणी आणि पटकीची लस. सहा महिने असतील तर पावसाळा आणि थंडी धरावी लागते. पाच वर्षं असतील तर शाळा, काम, कागदपत्रं, लग्नं, स्मशानभूमी. एकच माणूस, पण तो किती दिवस राहणार यावर त्याची गरज बदलते. आणि किती दिवस ते त्या माणसाच्या हातात नसतं. दूर कुठेतरी राजकारणात ते ठरतं.

पावसाळा

जूनमध्ये पाऊस आला. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकच्या छावणीत अडीच लाख माणसं होती. आजचा तो उच्चभ्रू भाग तेव्हा भराव टाकून नुकती तयार केलेली ओसाड जमीन होती. कलकत्त्याच्या आसपास ड्रेनेजसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठमोठ्या पाइपांमध्ये कुटुंबं राहत होती. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. एका पाइपात एक घर.

चिखल, गर्दी आणि घाण पाणी, मग पटकी येणारच. जूनच्या सुरुवातीला साडेनऊ हजारांच्या आसपास असलेली पटकीच्या रोग्यांची संख्या सप्टेंबरअखेर ४६ हजारांवर गेली. आता ज्या माणसाची गोष्ट सांगतोय, ती एवढ्यासाठी सांगतोय की 'गरज ओळखणं' म्हणजे काय ते यापेक्षा चांगलं कुठे दिसत नाही.

बनगाव. हद्दीजवळचं गाव. तिथल्या इस्पितळात २४ जूनला कलकत्त्याहून एक बालरोगतज्ज्ञ आले, डॉ. दिलीप महालनबीस. दोन खोल्या, सोळा खाटा. रोगी मात्र जमिनीवर, व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे. शिरेतून सलाईन द्यायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकून बसावं लागत होतं. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. सुई लावता येणारी माणसं मोजकीच होती. अशा छावण्यांत पटकी झालेल्यांपैकी शंभरातले तीसपर्यंत मरत होते.

आता अशा वेळी मागणीपत्रावर काय लिहिलं जाईल? 'सलाईनच्या बाटल्या, तातडीने.' कुणीही हेच लिहिलं असतं, आणि कागदावर ते बरोबरही दिसलं असतं. महालनबीसांनी वेगळा विचार केला. रोगी मरतोय तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. बाटली हे ते भरून काढण्याचं एक साधन. ते नसेल तर पाणी तोंडाने देता येईल का?

तोंडाने देता येतं हे ज्ञान नवीन नव्हतं. गंमत म्हणा किंवा नियती म्हणा, त्यावरचे महत्त्वाचे प्रयोग काही वर्षं आधी ढाक्याच्याच पटकी संशोधन केंद्रात झाले होते. ज्या शहरातून माणसं पळून आली होती, तिथलंच ज्ञान त्यांच्यामागे हद्द ओलांडून आलं. पण ते प्रयोग झाले डॉक्टर-नर्सच्या देखरेखीत, दवाखान्यात. इतक्या अफाट गर्दीत, नातेवाइकांच्या हातून हे चालेल का, याची खात्री तेव्हा फारशी कुणाला नव्हती.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात पुड्या बांधायला बसवलं. एक लिटर पाण्यामागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. बस. बनगावला ते मोठ्या पिंपात कालवायचं. आई, बाप, भाऊ, जो सोबत असेल त्याने पेला घेऊन पिंपातून भरायचा आणि रोग्याला पाजत राहायचं. लोकांचा विश्वास सलाईनवर होता, म्हणून त्याला नावही 'तोंडाने घ्यायचं सलाईन' असंच दिलं.

आठ-नऊ आठवड्यांत तीन हजार सातशेच्या आसपास रोग्यांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. एका लिटरला खर्च काही पैशांचा. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी येऊन हे पाहिलं आणि मग जगभर त्याचा पाठपुरावा केला.

हेच ते ओआरएस. आपल्या आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी. उलट्या-जुलाब झाले की आपल्या पोरांना आपण जे पाजतो, ते आधी बनगावच्या व्हरांड्यात एका शरणार्थी बाईने आपल्या पोराला पाजलेलं आहे. आपण दिलेले पाच पैसे असे आपल्याकडेच परत आले म्हणायचे. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हयात असताना त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मलाही नव्हतं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या पिंपाची आणि पेल्याची. तोवर शरणार्थी म्हणजे फक्त 'घेणारा'. इथे तोच शुश्रूषा करणारा झाला. छावणीत हात नव्हते असं नाही, लाखो हात रिकामे बसले होते. गरजेची यादी करणारे नेहमी 'काय नाही' तेवढंच लिहितात. 'काय आहे' हा रकाना कोरा राहतो.

सरासरीत न मावणारे

रेशन ठरलेलं होतं : तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर. मोठ्याला एक माप, लहानाला कमी. हिशोबात व्यवस्थित बसणारं. पण वर्षाचं पोर, तेही जुलाबाने खंगलेलं, ते डाळभात खाऊन उभं राहत नाही. सरासरी माणसाला रेशन पुरत होतं, आणि मुलं मात्र मरत होती. पावसाळ्यात हे लक्षात यायला लागलं, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. मग लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी 'ऑपरेशन लाइफलाइन' नावाने वेगळी पोषण केंद्रं सुरू झाली. एक भाग मुलं खंगू नयेत म्हणून पूरक आहाराचा, दुसरा आधीच खंगलेल्यांवर उपचार करण्याचा. 'पाच वर्षांखालची मुलं वेगळी मोजा' हा धडा पुढे मदतकार्याच्या प्रत्येक पुस्तकात आला. इथे तो मुलांच्या जिवावर शिकला गेला.

आणि काही गरजा रकान्यातच नव्हत्या. लष्कराच्या अत्याचारांना बळी पडलेल्या बाया छावण्यांत होत्या. त्यांच्यासाठी कोणत्या कार्डावर काय लिहिणार? चिठ्ठीवर नाव, गाव, कुटुंबातली माणसं एवढंच. जे विचारलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी पैसा येत नाही. यावर बांगलादेशात पुढे काम झालं, ते स्वातंत्र्यानंतर.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आजही भांडणं होतात म्हणून सरळ सांगतो. आलेल्यांमध्ये हिंदूंचं प्रमाण फार मोठं होतं, आणि सरकारला ते माहीत होतं. पण त्याची जाहीर चर्चा सरकारने टाळली. देशात धार्मिक तणाव भडकू नये आणि 'हा हिंदू-मुस्लिम प्रश्न आहे' असं म्हणायची संधी पाकिस्तानला मिळू नये, ही त्यामागची काळजी. ते बरोबर की चूक यावर वाद घाला जरूर. पण मोजणी करणारा काय मोजतो आणि त्यातलं काय सांगतो, हे दोन वेगळे निर्णय असतात, एवढं लक्षात ठेवा.

नोव्हेंबर आला तशी थंडी आली. एप्रिलच्या उकाड्यात पळालेल्यांकडे पातळ कपडे. मग घोंगड्यांची धावाधाव. सहा महिन्यांचा हिशोब करताना उन्हाळ्यात आलेला माणूस हिवाळ्यात काय पांघरेल, हे आधी धरलं असतं तर धावपळ कमी झाली असती. पण 'तोवर जातील' अशी आशा प्रत्येकालाच होती.

आणि ते गेले

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १ जानेवारी १९७२ पासून परतीचा ओघ सुरू झाला. ट्रकने, रेल्वेने, सायकल रिक्षाने, पायी. जानेवारीत दिवसाला सरासरी दोन लाखांच्या वर माणसं परत जात होती. निघताना पदरात दोन आठवड्यांचा शिधा. जानेवारीअखेर साठ लाख गेले. मार्च संपायच्या आत छावण्या जवळजवळ रिकाम्या झाल्या, साठ हजारांच्या आसपास माणसं उरली. एवढं मोठं स्थलांतर आणि इतक्या लवकर परतणं, इतिहासात फार कमी वेळा झालंय.

म्हणजे 'सहा महिने' ही पैज भारताने जिंकली, थोडा उशीर होऊन का होईना. पण ती हिशोबाने जिंकली नाही, युद्धाने जिंकली. हे विसरून चालणार नाही, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी हीच पैज लावली गेली आणि हरली गेली.

'किती दिवस' याचं दुसरं उत्तर बघायला लांब जायला नको. आपल्या गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात जा. बंगाली बोलणारी गावं आहेत, दुर्गापूजा होते, तळ्यात मासे पाळतात. ही माणसं १९७१ची नाहीत, त्याआधीची. १९६४च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं आणि तिथून दंडकारण्यात आणि आपल्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं. त्यांच्याबाबत उत्तर होतं 'कायमचे'. म्हणून त्यांना जमीन दिली, घर दिलं, बैल दिले. नदीकाठच्या माणसाला जंगलात आणून टाकलं म्हणून हाल काही कमी झाले नाहीत. आणि ज्यांच्या जंगलात त्यांना वसवलं त्या आदिवासींना कुणी विचारलं होतं, हाही प्रश्न आहेच. पण त्यांची नातवंडं आज मराठी शाळेत शिकतात. तोच देश, तीच भाषा बोलणारी माणसं, मधे फक्त सात वर्षांचं अंतर. एकाला जमीन मिळाली, दुसऱ्याला ताडपत्री. गरजा वेगळ्या नव्हत्या, 'किती दिवस' याचं उत्तर वेगळं होतं.

आणि तिसरं उत्तर कॉक्स बझारला. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले. आधीचे धरून दहा लाखांच्या आसपास. एकेकाळी स्वतः शरणार्थी झालेला देश आता यजमान. पुन्हा बांबू, पुन्हा ताडपत्री, पुन्हा रेशनकार्ड, आणि पुन्हा 'तात्पुरते'. छावणीत जन्मलेली मुलं आता शाळेच्या वयाची झाली, तरी भिंत बांबूचीच. तिकडे परतीची वाट उघडत नाही, इकडे कायमचं म्हणायला कुणी तयार नाही. मधल्या मधे माणसाचं अख्खं बालपण 'तात्पुरतं' जातं.

बांगलादेशाला दोष देणं सोपं आहे. पण यजमानाचा डबा उघडून बघायचा, हे आपण वरच म्हटलंय. आणि आपल्याकडे तरी काय आहे? एक कोटी माणसं सांभाळलेल्या देशात शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदा आजही नाही. १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. १९७१ला जे झालं ते कायद्याने झालं नाही. कुणीतरी ठरवलं, कुणीतरी कलकत्त्यात जाऊन बसलं, कुणीतरी पिंपात मीठ कालवलं आणि कोट्यवधी लोकांनी पत्रावर पाच पैशांचं तिकीट चिकटवलं. पुढच्या वेळी ठरवणारा तसा नसला तर?

शरणार्थी म्हटलं की आज आपल्या चर्चेत पहिला शब्द येतो 'हाकला' किंवा 'बिचारे'. दोन्हीला डोकं लागत नाही. त्याआधी विचारायचे प्रश्न साधे आहेत. किती आले आणि कुठे पडले? किती दिवस राहणार, आणि ते कुणाच्या हातात आहे? त्यांच्यात लहान मुलं किती? ज्याच्या दारात आले त्याचं काय? आणि त्यांच्या हाताला येतं काय? या पाच प्रश्नांची उत्तरं घेऊन मग ज्याला जे मत बनवायचं ते बनवा.

तुमच्या घरी ते पाच पैशांचं तिकीट असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. पत्रावरचा मजकूर झाकून टाकलात तरी चालेल. आणि घरात त्या काळातलं कुणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा. ब्लॅकआउट, खिडक्यांना लावलेले काळे कागद, रेडिओवरच्या बातम्या, सगळं सांगतील. तिकिटाचं मात्र मुद्दाम विचारा. ते सहसा आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं काही वाटतच नाही.